दातांच्या तारा आणि डॉ. एडवर्ड अँगल: तार आधी बारीक आणि मग जाड का?

तुमच्या मुलीच्या दातांना तार बसवून महिना झाला. ऑर्थोडॉन्टिस्टकडे दुसऱ्यांदा गेलात तेव्हा त्यांनी आधीची केसासारखी बारीक तार काढली आणि तिच्यापेक्षा किंचित जाड तार बसवली. पुढच्या वेळी आणखी जाड, आणि काही महिन्यांनी गोल तार जाऊन चौकोनी तार आली. तुमच्या मनात प्रश्न येतो: शेवटी जाडच तार लावायची होती तर पहिल्या दिवशीच का नाही लावली? दोन वर्षांचे काम एका वर्षात झाले असते, फेऱ्या वाचल्या असत्या, पैसेही वाचले असते.

मी जनरल फिजिशियन आहे, दातांचा डॉक्टर नाही. तरी तोंड आले, गालाला तार टोचली, दात दुखतात म्हणून मूल जेवत नाही, अशा तक्रारी आधी माझ्यासारख्याकडेच येतात आणि हा प्रश्नही त्यांच्यासोबत येतो. त्याचे उत्तर देण्याचा मला सापडलेला सोपा मार्ग म्हणजे एका माणसाची गोष्ट सांगणे. तुमच्या मुलीच्या केसपेपरवर क्लास वन, क्लास टू किंवा क्लास थ्री असे काही लिहिलेले असेल, तर तुम्ही त्या माणसाला नकळत भेटलेले आहात. ते वर्गीकरण त्याचे, आणि दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटची चौकोनी खाचही त्याचीच. त्याचे नाव एडवर्ड हार्टली अँगल.

शेतकऱ्याचा मुलगा, मेंढ्या आणि दात

अँगल यांचा जन्म 1 जून 1855 रोजी अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड काउंटीमधील हेरिक या खेड्यात झाला. घरी शेती आणि भावंडे सात. मुलाचा ओढा पुस्तकांपेक्षा अवजारांकडे होता. एका दंतवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून ते फिलाडेल्फियाच्या दंतवैद्यक महाविद्यालयात गेले आणि 1878 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले.

पदवीनंतर टोवांडा या गावी त्यांनी दवाखाना थाटला, पण छातीच्या आजाराने त्यांना गाठले. त्या काळी अशा आजारावर औषध नव्हते. हवापालट करा, मोकळ्या कोरड्या हवेत राहा, एवढाच सल्ला डॉक्टरांकडे असे. त्यामुळे अँगल पश्चिमेकडे मिनेसोटात गेले. तब्येत थोडी सुधारल्यावर त्यांनी दातांचे काम सोडून मोंटानात मेंढ्या पाळण्याचा धंदा सुरू केला. तिथल्या कडाक्याच्या हिवाळ्याने कळप गारद झाला आणि धंदा बुडाला. तेव्हा ते पुन्हा मिनेसोटात येऊन दातांकडे वळले. मेंढ्या जगल्या असत्या तर आज केसपेपरवर कुणाचे नाव असते, कोण जाणे.

1886 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात त्यांना शिकवण्याची जागा मिळाली. वेडेवाकडे दात सरळ करणे हा त्या वेळी दंतवैद्यांचा जोडधंदा होता. दात भरणे, काढणे, कवळी बसवणे हे मुख्य काम, आणि एखादा श्रीमंत रुग्ण आग्रहाने आला तर दात सरकवण्याचा प्रयत्न. प्रत्येक दंतवैद्य त्यासाठी आपापले यंत्र बनवी. कुणी स्क्रू वापरी, कुणी रेशमी दोरा, कुणी रबर, तर कुणी सोन्याच्या पट्ट्या. जॉन नटिंग फारार नावाच्या दंतवैद्याने मात्र आधीच एक महत्त्वाची गोष्ट सांगून ठेवली होती. दात ढकलायचा तर हळू आणि मोजून ढकलावा, स्क्रू सकाळ-संध्याकाळ इंचाचा 240 वा भाग एवढाच फिरवावा. इंचाचा 240 वा भाग म्हणजे साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा.

1887 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत अँगल यांनी आपली पद्धत मांडली. मोजके, तयार मिळणारे, एकमेकांत बसणारे सुटे भाग असावेत आणि ते कोणत्याही रुग्णाला जुळवून लावता यावेत, असे त्यांचे म्हणणे होते. जुन्या मंडळींना ते रुचले नाही. कोणती कल्पना आधी कुणाची यावरून भांडणे झाली, आणि फारारही त्या भांडणात होते. अँगल यांचा स्वभाव माघार घेण्याचा नव्हता. आयुष्यभर त्यांनी मित्र जितके जोडले त्याहून जास्त दुखावले असतील. मात्र 1892 पासून त्यांनी बाकीचे सगळे काम सोडून फक्त दात सरळ करण्याचेच काम केले. असे करणारे ते पहिल्या काही लोकांपैकी एक होते.

सहा वर्षांची दाढ

1899 मध्ये त्यांनी आपले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याचा आधार अगदी साधा होता. मुलाला साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. वरची ही दाढ खालच्या दाढेवर कुठे बसते ते पाहायचे. ती जागेवर बसत असेल आणि फक्त पुढचे दात दाटीवाटीने आलेले असतील तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे पडलेली असेल तर दुसरा. बहुतेक पुढे आलेले दात या वर्गात येतात. खालची दाढ पुढे गेलेली असेल, म्हणजे हनुवटी आणि खालचे दात वरच्यांच्या पुढे दिसत असतील, तर तिसरा. त्याआधी प्रत्येक वाकडा दात ही स्वतंत्र तक्रार होती. आता दंतवैद्य दोन्ही जबडे एकत्र पाहू लागले. आज यात पुष्कळ भर पडली आहे, एक्स-रेवरून जबड्याची हाडेही मोजतात, तरी मुंबई-पुण्यातला किंवा न्यूयॉर्कमधला ऑर्थोडॉन्टिस्ट पहिली नोंद अजून त्याच तीन वर्गांत करतो.

1900 मध्ये सेंट लुइस येथे त्यांनी या विषयाची स्वतंत्र शाळा काढली. त्याच सुमारास ऑर्थोडॉन्टिस्टांची पहिली संघटना उभी राहिली आणि अँगल तिचे पहिले अध्यक्ष झाले. दातांच्या डॉक्टरांमध्ये तार लावणारा डॉक्टर वेगळा असतो, हे आज तुम्ही गृहीत धरता. त्याची सुरुवात इथे झाली.

जाड कमान आणि तिची अडचण

आता तारेकडे येऊ. अँगल यांचे पहिले गाजलेले साधन म्हणजे दातांच्या बाहेरून जाणारी एक कमान. मागच्या दाढांना धातूचे पट्टे बसवायचे, त्यांत ही कमान अडकवायची, तिच्या टोकांना आटे पाडून नट बसवायचे आणि मधल्या प्रत्येक वाकड्या दाताला बारीक तारेने कमानीशी बांधून ओढायचे. आजच्या तारांच्या मानाने ती कमान चांगलीच जाड आणि ताठ होती. ती स्वतः वाकत नसे, दाताला मात्र आपल्याकडे खेचून घेई.

दात रांगेत येत, पण एक खोट होती. जमिनीत रोवलेला खांब वरून दोरी बांधून ओढला तर तो कलतो, बुंधा जागेवरच राहतो. दाताचेही तसेच होते. कमान दाताचा दिसणारा भाग ओढी आणि मूळ मागेच राही. दात सरळ झाल्यासारखा दिसे, पण तो कललेला असे, आणि उपचार थांबताच पुन्हा पहिल्या जागेकडे जाऊ लागे.

अँगल यांचे पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य या एका प्रश्नात गेले: दाताचे मूळ कसे हलवायचे? पण त्याआधी तुम्हाला दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील, एक दाताभोवतीच्या हाडाची आणि दुसरी तारेची.

दात हाडातून कसा सरकतो

दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. या थरात रक्तवाहिन्या असतात. दाताला एका बाजूने सतत हलका दाब दिला की दाबाच्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ताणाच्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी नवे हाड घालतात. पुढचे झिजते, मागचे भरते आणि दात पुढे सरकतो. हे सगळे जिवंत पेशींचे काम आहे आणि पेशींना रक्त लागते.

दाब जास्त झाला तर तो पातळ थर चिमटला जातो आणि तिथले रक्त थांबते. पेशी मरतात आणि त्या जागी काचेसारखा निर्जीव पट्टा तयार होतो. हाड खाणाऱ्या पेशी तिथे येऊच शकत नाहीत. मग शरीर मागच्या, सुरक्षित बाजूने हाड पोखरत येते आणि तोवर दात काही आठवडे अडून बसतो. पोखरणे पूर्ण झाले की तो एकदम सरकतो. दुखणे जास्त होते, दात जास्त हलतो, आणि मुळाचे टोक झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो. झिजलेले मूळ परत वाढत नाही.

कार्ल सँडस्टेड या स्वीडिश दंतवैद्याने 1904 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून जास्त दाबाखाली होणारे हे बदल सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पुढे 1932 मध्ये व्हिएन्नाच्या श्वार्झ यांनी मांडले की योग्य दाब म्हणजे साधारण केशवाहिन्यांमधल्या रक्ताच्या दाबाएवढा, त्याहून जास्त नाही. फिजिशियन म्हणून मला हे चटकन पटते. पलंगावर एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या पाठीला जखम होते तेही याच कारणाने. दाबाखाली केशवाहिन्या मिटतात आणि तिथली कातडी मरते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. दुप्पट जोर लावला म्हणून दात दुप्पट वेगाने सरकत नाही. महिन्याला साधारण एक मिलिमीटर हा हाडाचा वेग आहे, तार तो फारसा बदलू शकत नाही. जोर वाढवला तर उलट तो थांबतो.

जाडी थोडी वाढते, ताठरपणा खूप

दुसरी गोष्ट तारेची. गोल तार वाकवायला किती जोर लागतो हे तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरते. एवढे एकच गणित इथे देतो. तारेची जाडी दुप्पट केली तर ती दुप्पट ताठ होत नाही, सोळा पट ताठ होते.

दातांच्या तारा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. सुरुवातीला बहुधा 0.014 इंचाची तार असते, म्हणजे 0.36 मिलिमीटर. नंतर 0.018 इंचाची येते, म्हणजे 0.46 मिलिमीटर. फरक फक्त मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा, डोळ्याला कळणारही नाही. पण धातू तोच असेल तर दुसरी तार पहिलीपेक्षा सुमारे 2.7 पट ताठ असते. शिवाय तार जितकी जाड, तितकी ती कमी वाकल्यावरच कायमची वाकडी होते. वेड्यावाकड्या दातांच्या पहिल्या दिवशी तारेला दोन-तीन मिलिमीटर वळणे घेत प्रत्येक खाचेत शिरायचे असते. तिथे जाड तार घातली तर एकतर ती बसणार नाही, किंवा वाकडी होऊन तशीच राहील, किंवा ब्रॅकेट उखडेल. आणि बसलीच तर दाताला इतका जोर लागेल की वर सांगितलेला काचेसारखा पट्टा तयार होईल.

दोन ब्रॅकेटमधले अंतरही महत्त्वाचे. ते निम्मे झाले तर तोच तारेचा तुकडा आठ पट ताठ वागतो. खालचे पुढचे दात अरुंद आणि जवळजवळ असतात. म्हणून तीच तार मागे हलकी वाटते आणि पुढे खालच्या दातांना जास्त दुखवते.

तार आडवी करणारा माणूस

हे सूत्र अभियंत्यांना माहीत होते. अँगल अभियंते नव्हते, पण त्यांची बोटे लोहाराची आणि डोळा घड्याळजीचा होता. कमानीनंतर 1910 च्या सुमारास त्यांनी प्रत्येक दातावर पट्टा, त्यावर उभी नळी आणि तारेला डाख देऊन लावलेल्या बारीक खुंट्या, अशी रचना केली. खुंटी नळीत घट्ट बसे आणि त्यामुळे मूळही हलवता येई. कल्पना अचूक होती, पण दर भेटीला खुंट्या काढून नव्या जागी पुन्हा डाख द्यावा लागे. ते त्यांना आणि त्यांच्या मोजक्या विद्यार्थ्यांनाच जमे. माझ्या मते हे त्यांच्या बुद्धीचे यश आणि व्यवहाराचे अपयश होते.

मग 1915-16 मध्ये त्यांनी खुंट्या सोडल्या आणि दातावर उभ्या खाचेचा छोटा ब्रॅकेट लावून त्यात फितीसारखी चपटी सोन्याची तार बसवली. ती 0.010 इंच जाड आणि 0.020 इंच रुंद होती, तिची रुंद बाजू दाताला टेकलेली. ही तार आत-बाहेर सहज वाके, त्यामुळे फिरलेले दात छान वळत. पण मागच्या दातांची मुळे नीट ताब्यात येत नसत.

यापुढची युक्ती समजायला शाळेची प्लास्टिकची पट्टी हातात घ्या. ती आडवी धरून दाबा, सहज वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी करून दाबा. तोच धातू, तीच जाडी असली तरी तार कोणत्या बाजूने वाकते यावर सगळे ठरते. अँगल यांची ती चपटी तार कडेवर वाकवायची तर चौपट जोर लागतो. वाकणाऱ्या दिशेची जाडी तीन वेळा गुणली जाते आणि दुसऱ्या बाजूची एकदाच.

अँगल यांनी ब्रॅकेटची खाच उभीऐवजी आडवी कोरली, तिचे तोंड पुढच्या बाजूला ठेवले आणि तार कडेने आत सरकवली. खाचेचे माप ठरले 0.022 इंच उंच आणि 0.028 इंच खोल. म्हणजे साधारण 0.56 बाय 0.71 मिलिमीटर. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसल्यावर ती गोल फिरू शकत नाही. तिला थोडा पीळ दिला की तो पीळ दाताला जातो आणि दाताचे मूळ पुढे किंवा मागे हलते. कलणारा खांब बुंध्यासकट सरकवण्याची किल्ली सापडली. 1925 मध्ये त्यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि 1928 पासून लेखांतून जाहीर केली. तेव्हा त्यांचे वय सत्तरीपलीकडे गेलेले होते.

तुमच्या मुलीच्या दातावरचा ब्रॅकेट स्टीलचा असो की दातांच्या रंगाचा, त्यातली खाच आजही याच मापाची किंवा त्याच्या धाकट्या भावंडाची, 0.018 इंचाची, असते. धाकटे माप का आले, तेही सांगतो. अँगल यांच्या तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या होत्या. पुढे स्वस्त आणि मजबूत स्टेनलेस स्टील आले, पण त्याच जाडीची स्टीलची तार सोन्याच्या तारेपेक्षा जवळजवळ दुप्पट ताठ असते. मग काही जणांनी तार बारीक केली आणि खाचही लहान केली.

बत्तीस दातांचा हट्ट

आता अशी बाजू सांगतो जी तुम्हाला कदाचित जास्त जवळची वाटेल. ऑर्थोडॉन्टिस्टांनी चार चांगल्या उपदाढा काढायला सांगितल्या आणि तुम्ही हादरलात, असे झाले असेल. ही चर्चा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या एका टोकाला अँगल उभे आहेत.

सुरुवातीच्या काळात तेही दात काढत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे मत बदलले. निसर्गाने बत्तीस दात दिले आहेत, ते सगळे नीट जुळवले तरच चेहरा सुंदर होतो, आणि दात चावण्याचे काम नीट करू लागले की त्यांच्याभोवती हाडही वाढते, असे ते मानू लागले. वापरानुसार हाड बदलते हा त्या काळातला नवा विचार त्यांना भावला होता. 1907 मध्ये निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत त्यांनी दात काढण्याला ठाम विरोध केला. शिकागोचे कॅल्व्हिन केस म्हणत, काही रुग्णांमध्ये जबडा लहान असतो आणि दात काढल्याशिवाय गत्यंतर नसते. 1911 मध्ये यावर गाजलेला वाद झाला. त्यात केस यांच्याविरुद्ध अँगल यांचे शिष्य मार्टिन ड्यूई उभे होते. त्या दिवसानंतर कित्येक वर्षे अमेरिकेत अँगल यांचीच बाजू वरचढ राहिली.

त्याची किंमत रुग्णांनी मोजली. जबड्यात जागा नसताना सगळे दात रांगेत बसवले की ते पुढे झुकतात, ओठ पुढे येतात, आणि तार काढल्यावर दात पुन्हा गर्दी करू लागतात. हे उघड बोलण्याची हिंमत अखेर अँगल यांच्याच एका विद्यार्थ्याने केली. ॲरिझोनाचे चार्ल्स ट्वीड हे गुरूंच्या नव्या चौकोनी खाचेचे कट्टर प्रचारक होते. काही वर्षांनी त्यांनी आपलेच जुने रुग्ण पुन्हा तपासले आणि निकाल पाहून ते खचले. मग त्यांनी अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून, पुन्हा फी न घेता, दुसऱ्यांदा उपचार केले आणि 1940 मध्ये असे शंभर रुग्ण आधीच्या आणि नंतरच्या नोंदींसह सहकाऱ्यांपुढे ठेवले. सूक्ष्म कारागिरी गुरूंची होती, फक्त निर्णय उलटा. तोवर अँगल जाऊन दहा वर्षे झाली होती.

आज कुणी सगळ्यांचेच दात काढत नाही आणि कुणी कुणाचेच काढत नाही असेही नाही. जागा किती कमी आहे, ओठ किती पुढे आहेत, वाढ किती उरली आहे, हे मोजून ठरवतात. उपदाढा काढायला सांगितल्या तर का, आणि न काढल्यास काय होईल, हे प्लास्टरच्या साच्यावर किंवा एक्स-रेवर दाखवून सांगा, असे तुम्ही निःसंकोच म्हणा.

अ‍ॅना, पॅसाडेना आणि शेवटची वर्षे

अँगल यांचे पहिले लग्न टिकले नाही. दुसऱ्या पत्नी अ‍ॅना हॉपकिन्स त्यांच्याकडे मदतनीस म्हणून काम करत. पुढे त्या स्वतः दंतवैद्यक शिकल्या, आणि 1908 मध्ये दोघांचे लग्न झाले. अँगल यांच्या लेखनामागे आणि शाळेच्या कारभारामागे त्या होत्या. विद्यार्थी त्यांना आईच्या जागी मानत. पूर्वेकडे काही वर्षे काढून हे दांपत्य कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला गेले. अँगल यांना खरे तर निवृत्त व्हायचे होते, पण शिकायला येणारे थांबेनात. अखेर जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी तिथे शाळेची इमारत उभी केली.

तिथे आलेल्यांत एक तरुण ऑस्ट्रेलियन होता, रेमंड बेग. ॲडलेडला परतल्यावर बेग यांनी गुरूंची जाड चौकोनी तार सोडली आणि जुन्या उभ्या खाचेत बदल करून त्यात बारीक गोल स्टीलची तार वापरली. विल्कॉक या धातुतज्ज्ञाने त्यांच्यासाठी 0.016 इंचाची अतिशय लवचीक तार बनवली. अगदी हलक्या जोराने दात आधी कलवायचे आणि मुळे नंतर सरळ करायची, ही त्यांची रीत. ती भारतातही पुष्कळ काळ शिकवली गेली. तुमच्या ओळखीत कुणी विसेक वर्षांपूर्वी तार लावली असेल, तर ती बेग पद्धतीची असण्याची शक्यता आहे.

11 ऑगस्ट 1930 रोजी सांता मोनिका येथे वयाच्या 75 व्या वर्षी अँगल यांचे निधन झाले. सुपरइलॅस्टिक निकेल-टायटॅनियमची तार त्यांनी पाहिली नाही. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत 1960 च्या दशकात सापडलेला हा मिश्रधातू 1970 च्या दशकात दातांकडे आला. तो खूप वाकतो, पुन्हा मूळ आकारात येतो आणि हळूहळू, जवळजवळ सारखाच जोर देत राहतो. म्हणून आज पहिली तार बहुधा याच धातूची असते. जाडीवरून जोर ओळखू नका, हे यामुळेच सांगावे लागते. जाड निकेल-टायटॅनियमची तार बारीक स्टीलच्या तारेपेक्षा मऊ असू शकते.

तुमच्या घरच्या तारेबद्दल

तर क्रम असा. बारीक गोल तार दात रांगेत आणते. मध्यम तार वळणे आणि उंची सारखी करते. खाच जवळजवळ भरणारी चौकोनी तार, उदाहरणार्थ 0.019 बाय 0.025 इंचाची स्टीलची, मुळे जागेवर नेते आणि मोकळी जागा बंद करताना दातांना कलू देत नाही. ती पूर्ण घट्ट नसते, कारण जागा बंद करताना ब्रॅकेटला तिच्यावरून सरकावे लागते. पायरी गाळली तर वेळ वाचत नाही.

तार बदलल्यावर काही तासांनी दुखू लागते, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखते आणि आठवड्याभरात थांबते. मऊ वरण-भात, खिचडी, दही, केळे द्या. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल बरी. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दात सरकण्यासाठी लागणारी सूजेची रासायनिक क्रिया दाबू शकतात, त्या रोज आपल्या मनाने देऊ नका. दात थोडे हलणे अपेक्षित आहे. पण आठवड्यानंतरही तीव्र वेदना असतील, एखाद्या दाताचा रंग काळपट होत असेल, हिरडी सुजून पू येत असेल, चेहऱ्यावर सूज किंवा ताप असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. टोचणाऱ्या टोकावर डॉक्टरांनी दिलेले मेण लावा. नखे कापायच्या नेलकटरने तार कापू नका, तुकडा घशात जाऊ शकतो.

तार लावण्यापूर्वी काही गोष्टी ऑर्थोडॉन्टिस्टांना आवर्जून सांगा. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार वाढतो आणि हाड भरण्याचे कामही बिघडते, म्हणून आधी साखर ताब्यात आणा. हाडे ठिसूळ होण्यावरच्या बिस्फॉस्फोनेट गटातल्या गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील तर हाड खाणाऱ्या पेशीच दबलेल्या असतात. अशा वेळी दात सरकवणे अवघड आणि दात काढणे धोक्याचे ठरू शकते. हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर दाढांना पट्टे बसवण्याआधी अँटिबायोटिक लागू शकते. नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ येत असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि निकेल नसलेल्या तारा मिळतात.

काम संपल्यावर रिटेनर देतील. दाताभोवतीचे ताणलेले तंतू नव्या जागी स्थिरावायला महिने लागतात, हिरडीतले काही तंतू तर वर्षभर ओढत राहतात. सांगितले तितके तास आणि सांगितले तितके दिवस तो लावायला लावा. तो हरवला किंवा तुटला तर नवा करून घ्यायला महिनाभर थांबू नका, तेवढ्यात दात परतीच्या वाटेला लागलेले असतात.